भावकी सर

कुठलाही नवा इंग्रजी शब्द समोर आला की सर त्याला आधी गाव विचारायचे. अर्थ नंतर. पारावरचा म्हातारा परक्या पाहुण्याला 'कुठलं गाव? कुणाचे? भावकी कोणती?' असं विचारत तिसऱ्या पिढीपर्यंत जातो आणि मग 'अरे, म्हणजे आपल्यातलेच की!' म्हणून तंबाखूची चंची पुढं करतो, तशी सरांची शब्दांशी ओळख व्हायची. शब्द औषधाच्या बाटलीवरचा असो नाहीतर खताच्या पोत्यावरचा, सर तिथंच थांबायचे. एकदा भूमच्या स्टँडवर ते पोत्यावरचं 'कंपाउंड' वाचत उभे राहिले आणि आमची गाडी निघून गेली. पुढची गाडी दोन तासांनी होती. मी चिडलो. सर मात्र खुशीत म्हणाले, "गाडी काय, अजून एक येतीया. पण हा कंपाउंडरचा सख्खा भाऊ निघाला बघा. दोघांचं कामही एकच, आणून एकत्र ठेवायचं." मी दोन तास त्यांच्याशी बोललो नाही. ते दोन तास पोत्याशी बोलत होते.

आमच्या गावच्या हायस्कुलात ते इंग्रजी शिकवायचे आणि मी गणित. मी गावचाच, शेतकऱ्याच्या घरातला. ते परंडा तालुक्यातल्या सोनारीचे, बौद्ध कुटुंबातले, औरंगाबादला वसतिगृहात राहून बी. ए. झालेले. 'भावकी सर' हे नाव पोरांनी ठेवलं आणि ते इतकं चिकटलं की हेडमास्तरही चुकून तेच म्हणायचे. ज्या माणसाची आमच्या गावात एक घर भावकी नव्हती, त्याला हे नाव पडावं याची तेव्हा कुणालाच गंमत वाटली नाही, मलाही नाही. गावात भाड्याच्या खोल्या होत्या, पण सर विचारायला गेले की त्या नेमक्या भरलेल्या निघायच्या. शेवटी ते बौद्ध वस्तीत भागाबाईच्या घराला लागून असलेल्या एका खोलीत राहू लागले.

त्यांची सगळ्यात लाडकी भावकी होती 'कॉम'ची. "हा मूळ पुरुष," ते फळ्यावर वरच्या बाजूला लिहायचे, "लॅटिन गावचा. कॉम म्हणजे मिळून, बरोबर. पण गडी लई मिळताजुळता. पुढं कोण उभा हाय ते बघून रूप बदलतो. पुढं 'पी' आला तर कॉमच राहतो, 'डी' आला तर कॉन, 'एल' आला तर कोल होतो, 'आर' आला तर कोर, आणि स्वर आला तर सगळं सोडून नुसता को. नवऱ्या मुलाचा बाप कसा, व्याह्याशी वेगळा बोलतो, वाजंत्र्याशी वेगळा." मग खाली एकेक वंशज उतरायचे. कंडक्टर, म्हणजे सगळ्यांना मिळून घेऊन जाणारा. कलेक्टर, म्हणजे गोळा करणारा. "म्हणून तर तो वाटत न्हाय," असं म्हणून सर स्वतःच आधी हसायचे. मागच्या बाकावरून एखादा विचारायचा, "सर, कोंबडी?" सर रागवायचे नाहीत. "आडनाव सारखं असलं म्हणजे भावकी असते का रे? कॉफी बी आमच्यातली न्हाय, कोंबडी बी न्हाय."

आमच्या भागात तेव्हा मॅट्रिकला पोरं इंग्रजीतच आपटायची. गणितातही आपटायची, पण त्याबद्दल मी इथं बोलणार नाही. सर आल्यावर दोन-तीन वर्षांत पोरं इंग्रजीत निघू लागली. ओळखीचा नसलेला शब्द दिसला की घाबरायचं नाही, त्याचं डोकं बघायचं, भावकी ओळखायची आणि मग उरलेल्याचा अंदाज बांधायचा, एवढी एकच युक्ती. मी एकदा विचारलं, हे खूळ तुमच्या डोक्यात आलं कुठून? ते म्हणाले, "शब्द कुठून आला ते कळलं की त्याची भीती जाते, सर. माणसाचं उलटं हाय. माणूस कुठून आला ते कळलं की लोक बिचकायला लागतात." आणि लगेच खडू घेऊन वर्गावर निघून गेले. घंटा झाली होती.

बहात्तरच्या दुष्काळात शाळा अर्धी रिकामी झाली. पोरं आईबापांबरोबर खडी फोडायला जायची. आमच्या डब्यात रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी असायची, वातड आणि कडवट. त्याच दिवसांत एका दुपारी सरांनी आपला डबा माझ्या टेबलावर आणून ठेवला. "कलीग म्हणजे एकाच कामावर बरोबर नेमलेला. ते आपण सरकारच्या हुकमानं आहोतच. पण याच भावकीत एक कंपॅनियन हाय. त्यातला 'पॅन' म्हणजे भाकरी. ज्यानं बरोबर भाकरी खाल्ली तो कंपॅनियन. त्याला सरकारचा हुकूम लागत न्हाय. उघडा डबा." मी उघडला. त्यांनी माझ्यातली अर्धी भाकरी घेतली, त्यांच्यातली अर्धी मला दिली. दोन्ही सारख्याच वाईट होत्या. त्या दिवसापासून शाळेत आम्ही असंच जेवत गेलो.

शाळेत, हे मुद्दाम लिहितो. घरी मी त्यांना कधी जेवायला बोलावलं नाही. आमच्या घरात आबा होते, माझे चुलते आणि घरातले कर्ते. वाईट माणूस नव्हता. दुष्काळात त्यांनी आमच्या मळ्यातली विहीर साऱ्या गावाला मोकळी केली होती. फक्त वस्तीतल्या बायकांनी पोहरा टाकायचा नाही. आमचा गडी पाणी शेंदून वरून त्यांच्या घागरीत ओतून द्यायचा. "कुणाला तहानलेलं ठेवलंय का म्या?" आबा विचारायचे, आणि उत्तर खरोखरच 'नाही' असं होतं. सर घरी आले तर ओट्यावर बसायचे, चहा व्हायचा, आबा त्यांना 'या मास्तर' म्हणायचे. उंबऱ्याच्या आत जायची गोष्ट कुणी काढायचं नाही. मीही काढली नाही.

पाऊस परत आला, चारा झाला आणि गावात दूध संस्था काढायचं ठरलं. तोवर गावचं दूध खव्याच्या भट्टीवर जायचं आणि भट्टीवाला देईल तो भाव घ्यायचा. संस्थेचे चेअरमन अर्थातच आबा झाले आणि सेक्रेटरी मी, कारण मला हिशेब येतो असा लोकांचा समज होता. पण लोकांना पटवलं ते सरांनी. शाळेच्या पटांगणात सभा भरली तेव्हा ते उठून म्हणाले, "को-ऑपरेटिव्ह या शब्दाला भिऊ नका. आपलाच गडी हाय. को म्हणजे मिळून आणि पुढचं ऑपरेट म्हणजे काम करणं. तुमची म्हैस काळी असो, कबरी असो, चरवी पितळी असो, जर्मनची असो. कॅनात पडलं की कुणाचं दूध कुठलं, ते देवाला बी सांगता येणार न्हाय." लोक हसले. आबाही हसले. ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

वस्तीतली आठ घरं सरांच्या शब्दावर सभासद झाली. भागाबाई त्यातली पहिली. ती एकटी बाई, पदरात दोन पोरी, दावणीला एक म्हैस. भट्टीवाल्याकडं तिचा रोजचा रतीब लागलेला होता. तो मोडायला ती तयार नव्हती. "सर, ह्यो भट्टीवाला घेतोय तरी. उद्या तुमच्या संस्थेनं न्हाय म्हनलं तर?" सर म्हणाले, "न्हाय म्हणायला संस्था काय एकट्याची हाय का? तुझं दूध बी त्याच कॅनात जाणार. माझा शब्द." तिनं रतीब मोडला. भट्टीवाल्यानं रागानं सांगितलं की परत येऊ नको.

महिनाभर सगळं सुरळीत चाललं. सकाळी मी वही घेऊन बसायचो, पोऱ्या माप घालायचा आणि कॅन भरला की भूमच्या शीतकरण केंद्राची गाडी यायची. मग एके दिवशी दोन घरांचं दूध आलं नाही. दुसऱ्या दिवशी पाच घरांचं. विचारलं तर कुणी म्हणे म्हैस आटली, कुणी म्हणे पाहुणे आलेत. आठवड्यानं एकानं खरं सांगितलं, की घरातली म्हातारी म्हणते, त्या कॅनात आपलं दूध ओतायचं नाही. गंमत अशी की भट्टीवाल्याच्या कढईत हेच सगळं दूध वर्षानुवर्षं एकत्र आटत होतं आणि त्या खव्याचे पेढे आमच्याच देवाला चढत होते. त्याबद्दल म्हातारीची काही तक्रार नव्हती. म्हणे, ते विस्तवावर जातं.

कमिटी बसली. आबांनी फार वेळ घेतला नाही. "दोन कॅन ठेवा. दूध सगळ्यांचं घ्या, भाव सगळ्यांना सारखा द्या. भूमला गेल्यावर एकाच टाकीत पडतंय, त्याला कोन बघायला जातंय? हितं तेवढं येगळं. संस्था मोडण्यापरीस बरं." माझ्या मनात बोलायचं होतं. सभेतलं सरांचं वाक्य, लोकांचं हसणं, भागाबाईचा मोडलेला रतीब, सगळं तोंडापर्यंत आलं. पण समोर बसलेले सात जण माझ्या भावकीतले होते आणि त्यातल्या तिघांच्या मांडीवर मी लहानाचा मोठा झालो होतो. मी ठराव लिहून घेतला. दोन कॅन गल्लत होऊन बदलू नयेत म्हणून एकाच्या गळ्याभोवती लाल रंगाचं कडं काढायचं ठरलं. शाळेतला उरलेला ऑइलपेंट माझ्याकडंच होता. कडं मी काढलं. गणिताचा मास्तर असल्यामुळं ते चांगलं गोल आलं.

सकाळी सर भागाबाईबरोबर आले. त्यांना कुणीतरी सांगितलं असणार. त्यांनी कॅनाजवळ वाकून बोट लावलं आणि मला विचारलं, "ओला हाय का अजून?" मी म्हटलं, "वाळेल संध्याकाळपर्यंत." एवढंच आमचं बोलणं झालं. भागाबाई चरवी कमरेवर घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, सरांकडं पाहिलं. "सर, तुमी तर एकच कॅन म्हनला व्हता." सर बोटाला लागलेला लाल रंग पुसत राहिले. दूध तर नासणार, भट्टीचा रस्ता बंद झालेला. तिनं वाट पाहिली आणि मग स्वतःच पुढं होऊन लाल कड्याच्या कॅनात चरवी उपडी केली. सर तिच्या मागं मागं वस्तीकडं गेले. त्या दिवशी शाळेत त्यांचे पहिले दोन तास कुणी घेतले ते मला आठवत नाही.

सरांनी अर्ज लिहिला. वस्तीतल्या आठ घरांपैकी कुणीही त्याच्यावर अंगठा उठवला नाही. मळे आमचे, मजुरी आमच्याकडं, विहीर आमची. अर्जावर एकट्या सरांची सही राहिली. तो घेऊन ते धाराशिवला एका कचेरीत गेले. परत आल्यावर मी विचारलं, काय झालं? "कम्प्लेंट बी आपल्याच भावकीतला शब्द हाय, सर. मूळ अर्थ छाती पिटून घेणं. लोकांनी मिळून पिटली तर आवाज होतो. एकट्यानं पिटली की नुसती छाती दुखते." पंधरा दिवसांनी त्या अर्जावर संस्थेचं म्हणणं मागवणारा कागद आला. उत्तर लिहायचं काम सेक्रेटरीचं. मी लिहिलं, 'संस्था सर्व सभासदांचे दूध स्वीकारते व सर्वांना समान दर देते.' त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. खाली मी सही केली आणि प्रकरण मिटलं.

तरीही दुपारच्या सुट्टीत सर डबा घेऊन माझ्या टेबलाशी यायचे. अर्धी भाकरी घ्यायचे, अर्धी द्यायचे. त्यांनी डबा बंद केला असता, चारचौघांत मला शिव्या घातल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. मी एकदा धीर करून म्हटलं, "सर, माझा इलाज नव्हता." ते म्हणाले, "मला माहीत हाय. तुमचा इलाज नव्हता हीच तर भानगड हाय. जेवा." 'कॉम'ची भावकी ते पुढंही शिकवत राहिले, परीक्षेला यायची म्हणून. पण फळ्यावरच्या त्या झाडातून को-ऑपरेटिव्ह तेवढा गाळायचे. एका पोरानं आठवण करून दिली तर म्हणाले, "राहू दे, तो लांबच्या गावाला गेलाय."

पुढं वर्षभरानं सरांची परंड्याकडं बदली झाली. त्यांनी मागून घेतली की कशी, मी विचारलं नाही. ज्या दिवशी ते निघणार होते, त्या दिवशी मात्र मी ठरवलं, आज सरांना घरी जेवायला घालायचं. आमच्या मंडळीनं एका शब्दानं नाही म्हटलं नाही. ज्वारीच्या भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी असा बेत केला. मी जवळजवळ पळतच स्टँडवर गेलो. सर ट्रंकेवर बसले होते.

"सर, घरी चला. जेवून मग जा. गाडीला अवकाश आहे."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना आनंद झाला होता, हे मी शपथेवर सांगू शकतो.

"बोलावलंत, पोचलं सगळं," ते म्हणाले. "पण एक विचारू का, सर? ताट कुठं मांडणार?"

मी ते ठरवलेलं होतं. ओसरीवर मांडणार होतो. आत आबा होते. ओसरी म्हणजे ओट्यापेक्षा वर आणि घरापेक्षा अलीकडं, आणि एवढं साधलं यावर मी येताना वाटभर खूश होतो. आता ते वाक्य तोंडातून बाहेर येईना. शेवटी त्यांनाच माझी दया आली. "असं करा, भाकरी फडक्यात बांधून आणा. हितंच खाऊ."

मी घरी जाऊन भाकरी बांधून आणल्या. सरांनी फडकं ट्रंकेवर पसरलं, एक भाकरी मधोमध मोडली आणि अर्धी मला दिली. येणारे-जाणारे बघत होते. सरांनी दोन भाकरी खाल्ल्या, चटणी चांगली झालीय असं घरी सांगा म्हणाले आणि फडकं झटकून, घडी करून परत दिलं. गाडी आली. खिडकीतून त्यांनी हात केला, आणि तेवढ्यात त्यांचं लक्ष समोरच्या दुकानाच्या इंग्रजी पाटीकडं गेलं. गाडी वळेपर्यंत ते पाटीच वाचत होते.

संस्था चालू राहिली. एकदा लाल कड्याच्या कॅनाला भोक पडलं आणि नवा येईपर्यंत नऊ-दहा दिवस सगळं दूध एकाच कॅनात जात होतं. कुणी काही बोललं नाही. मला वाटलं, झालं, विसरले सगळे. नवा कॅन आला त्या दिवशी आबा म्हणाले, "तेवढं कडं काढून टाक रं." 'काढून टाक' म्हणजे आता कडं नकोच, असं समजून मी हरखून त्यांच्याकडं पाहिलं. ते नव्या कॅनाकडं बोट दाखवत होते. मी ब्रश आणला.

सर गेल्याची बातमी मला कितीतरी दिवस उशिरा कळली. आम्ही एकमेकांना पत्रं लिहायचो, पण ती दिवाळीपुरती. छातीचं दुखणं निघालं आणि महिन्याभरात आटोपलं, असं आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं सांगितलं. मी सोनारीला गेलो. त्यांचं घर शोधायला वेळ लागला नाही. अंगणात चपला काढून मी बाहेरच्या बाजेवर टेकायला लागलो तशा त्यांच्या पत्नी दारात आल्या. मी त्यांना त्याआधी एकदाच, तेही लांबून, पाहिलं होतं. सरांच्या खोलीवर त्या कधी राहायला आल्या नव्हत्या. सर इतकी वर्षं एकटेच का राहिले, हेही मी कधी विचारलं नव्हतं.

मी माझं नाव आणि गाव सांगितलं. त्यांनी डोळ्याला पदर लावला आणि म्हणाल्या, "तुमीच का ते गणिताचे सर? लई सांगायचे तुमचं. म्हनायचे, साऱ्या नोकरीत भाकरीचा सोबती एकच भेटला." मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो. कॅनाचं, कड्याचं, माझ्या सहीचं या बाईला काही माहीत असेल का, ते शोधत होतो. काही माहीत नव्हतं. सरांनी घरी तेवढं सांगितलंच नव्हतं. मला वाटलं, आत्ता सांगून टाकावं. तेही झालं नाही.

"बाहीर का बसलाव, सर? आत या," त्या म्हणाल्या. "उन्हाचं आलाव. दोन घास खाऊन घ्या." मी नको नको म्हणेपर्यंत त्या आत गेल्यासुद्धा. उंबऱ्याशी मी थोडा घुटमळलो. पाट टाकल्याचा आवाज आला, मग ताटाचा. मी वाकून आत गेलो. त्यांनी ताट चुलीजवळ मांडलं होतं.